दाढ काढायची नाही

झाहारीच्या जिभेच्या मुळाशी गाठ आहे असं कळलं तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता. आमच्या डोंगरातल्या पाच गावांना खालच्या शहराशी जोडणारी बस तो बावीस वर्षं चालवत होता. मी त्याची बायको, दाफिना. बोरिका गावच्या बालवाडीत स्वयंपाक करते. पूर्वी तीस पोरं जेवायला असायची, आता नऊ आहेत. कोणाच्या घशाखाली काय उतरतं आणि काय नाही हे आपल्याला चांगलं कळतं, असा माझा समज होता.

प्लोवदिव्हच्या मोठ्या इस्पितळात किरणांचे उपचार सुरू व्हायच्या आधी त्याला दात दाखवून यायला सांगितलं. झाहारीला ते काही पटलं नाही.

"गाठ घशात, आणि हे दात तपासायला पाठवतायत," तो म्हणाला. "ब्रेक बिघडल्यावर बसची काच पुसत बसतं का कोणी?"

तरी गेलो. खालच्या शहरात डॉक्टर चिलिंगिरोवांचा दवाखाना आहे. पन्नाशीची, आडव्या बांध्याची बाई, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी त्याच्या खालच्या दोन किडलेल्या दाढा काढल्या, जखम भरू दिली, मग दोन्ही जबड्यांचे ठसे घेऊन पारदर्शक साचे बनवले. रोज झोपायच्या आधी त्यांत फ्लोराइडचं जेल भरायचं, दातांवर दहा मिनिटं बसवून ठेवायचं, नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. हे जन्मभर.

"जन्मभर?" झाहारीने विचारलं.

"लाळ आटणार आहे तुमची. लाळ दात धुते, ती नसली की चांगले दातसुद्धा सहा महिन्यांत मुळाशी किडतात. म्हणून हे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि बाई, हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण यांना आठवायचं नाही. किरणं घेतल्यावर खालच्या जबड्यातला दात उपटायचा नाही. हाडाला रक्त कमी पोचतं. खड्डा भरत नाही, हाड सडतं. कितीही ठणकलं तरी आधी माझ्याकडे."

मी ते पाठ करून ठेवलं.

सात आठवडे उपचार चालले. जानेवारीच्या शेवटी तो घरी आला तेव्हा सतरा किलोंनी उतरला होता, आणि त्याचा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता. तोंडात फोड. मी मसुराची आमटी चाळणीतून गाळायची, त्यात लोणी आणि अंडं फेटून घालायची. दही, उकडून कुस्करलेला बटाटा, दुधात शिजवलेला भात. तो आठ चमचे खायचा आणि त्याला पाऊण तास लागायचा.

"कसं झालंय?" मी विचारायची.

"ओल्या वर्तमानपत्रासारखं."

"काल पण हेच म्हणालास."

"काल कालचं होतं, आज आजचं आहे."

जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम होता. सुरुवातीला नऊ काड्या मावायच्या. बशीतलं जेवण तसंच ठेवून तो काड्या मोजत बसायचा, आणि मी पाठ फिरवून भांडी घासायची. माझं तोंड त्याला दिसू नये म्हणून.

एप्रिलमध्ये फोड गेले, पण चव आली नाही. अशात एक दिवस वरच्या गावाहून एव्दोकिया आजी आल्या. एक्याऐंशी वर्षांच्या, काठी टेकत. बावीस वर्षं त्या झाहारीच्या मागच्या पहिल्या सीटवर बसून शहरात जात होत्या आणि त्या सीटवर दुसऱ्या कोणी बसलेलं त्यांना खपत नसे. त्यांनी पिशवीतून रानातल्या स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याची बरणी काढली, मला न विचारता चमचा शोधला आणि भरून त्याच्या तोंडात घातला.

झाहारी तो मुरंबा जिभेवर धरून बसला. मला वाटलं आता थुंकणार. त्याचे डोळे भरून आले.

"गोड आहे," तो म्हणाला.

साडेतीन महिन्यांत त्याला पहिल्यांदा कशाची तरी चव लागली होती. मी आजींना मिठीच मारली. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला, पण त्या दिवसाला मी आजही नावं ठेवत नाही.

मे महिन्यात तो बसवर रुजू झाला. डोंगरातल्या साऱ्या म्हाताऱ्यांनी त्याला धष्टपुष्ट करायचा विडाच उचलला. कोणी गुलाबाच्या वासाच्या लोकुमचे, म्हणजे पिठीसाखरेत घोळलेल्या मऊ मिठाईचे चौकोन आणायची, कोणी पुदिन्याच्या गोळ्या, कोणी एल्डरच्या फुलांचं सरबत बाटलीत भरून. आमच्याकडे साखरेला झाहार म्हणतात. "नावात साखर आहे, आता अंगाला पण लागू दे," म्हणत त्या त्याच्या खिशात काहीबाही कोंबायच्या. गाडी चालवताना त्याचं तोंड कोरडं पडून जीभ टाळ्याला चिकटायची. गालात गोळी धरली की जरा ओल सुटायची. म्हणून एक संपली की दुसरी. वजनकाटा हळूहळू वर सरकत होता आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते. खोटं कशाला सांगू, मलाही आनंदच होत होता.

साचे त्याने जूनपर्यंत लावले. मग कधीतरी बंद केले.

"ते तोंडात घातलं की लगाम घातलेला घोडा वाटतो मला," तो म्हणाला. "उद्यापासून लावतो."

ऑक्टोबर आला तरी त्याचा उद्या आला नव्हता.

त्या मंगळवारी मी बालवाडीत भोपळा चिरत होते. साडेदहाला एव्दोकिया आजींचा फोन आला. त्या फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात.

"दाफिना, बस तुमच्या थांब्यावर उभी आहे आणि तुझा माणूस जागेवर नाही. गाल धरून कुझमनकडे गेलाय. सगळे थांबलोय आम्ही."

कुझमन म्हणजे झाहारीचा शाळेपासूनचा मित्र. पस्तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काम करून निवृत्त झालेला, आणि गावात कोणाचा दात हलायला लागला की पुढे सरसावणारा. मी एप्रनवरच धावले.

कुझमनच्या अंगणात झाहारी खुर्चीवर मान मागे टाकून बसला होता. स्टुलावर राकिया दारूची बाटली होती आणि पातेल्यात उकळून काढलेली पक्कड.

"कुझमन, खाली ठेव ते."

"वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे. दाढ आधीच अर्धी झालीय. मी गाढवांच्या दाढा काढल्यात, गाढवं ओरडली पण नाहीत."

"गाढवांना किरणं दिली नव्हती. ती दाढ काढलीस तर हाड सडेल त्याचं. जबडा कापावा लागेल."

कुझमनचा हात थांबला. त्याने झाहारीकडे पाहिलं. "हे तू मला सांगितलं नाहीस."

झाहारी डोळे मिटूनच म्हणाला, "दुखतंय रे. दोन रात्री झोपलो नाही. काढून टाक."

"मला घरी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

कुझमनने पक्कड पातेल्यात टाकली आणि मुकाट्याने गाडीची किल्ली आणायला आत गेला. बसमधल्या लोकांना त्या दिवशी दुसऱ्या गाडीची दीड तास वाट पाहावी लागली. आम्हा दोघांना कुझमनने खाली शहरात नेलं. वाटभर तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आधी सांगायचं ना रे."

डॉक्टर चिलिंगिरोवांनी दिवा खाली ओढला आणि तोंडात बराच वेळ पाहिलं. मग आरसा ठेवून दिला.

"खिशात काय आहे?"

झाहारीने खिसा रिकामा केला. सहा गोळ्या आणि कागदात गुंडाळलेला लोकुमचा तुकडा निघाला. शाळेत चोरी पकडल्यासारखं त्याचं तोंड झालं.

"अकरा दात किडलेत," त्या म्हणाल्या. "सगळे हिरडीजवळ. दहांची भोकं लहान आहेत, भरता येतील. ही दाढ वाचणार नाही, पण काढायची पण नाही. आतली नस काढते, मूळ साफ करून बंद करते आणि वरचा भाग हिरडीच्या बरोबरीने कापते. मुळं हाडात राहू देत, त्रास देणार नाहीत. कळलं?"

"हो."

"साचे?"

"जूनपासून लावले नाहीत."

"का?"

मला वाटलं आता घोड्याचा लगाम सांगणार. पण तो खुर्चीत आडवा पडून छताकडे बघत राहिला आणि हळू आवाजात बोलला.

"दिवसभर मी बसवाला असतो, बाई. लोक चढतात, उतरतात, मला शिव्या देतात, मस्करी करतात. साचा तोंडात घातला की मी परत पेशंट. आणि त्या गोळ्या... एवढ्या दिवसांत पहिली चव गोडाची आली होती मला. बसमधल्या म्हाताऱ्या देतात तेव्हा नाही म्हणणार कसं? मी इस्पितळात होतो तेव्हा त्या बायकांनी देवळात मेणबत्त्या लावल्यात माझ्यासाठी."

मी दाराजवळ उभी होते. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं. मी फक्त वजन विचारत होते.

डॉक्टरांनी हातमोजे बदलले, सुई भरली.

"गोड बंद नाही करत मी तुमचं," त्या म्हणाल्या. "रविवारी जेवणाबरोबर, एक चमचा, आणि लगेच दात घासायचे. वाईट आहे ते दिवसभर गालात धरणं. तोंड कोरडं पडलं तर पाणी, घोट घोट, सतत. साखर नसलेलं च्युइंगम चालेल. जेवणानंतर खायचा सोडा घातलेल्या पाण्याच्या गुळण्या. तुम्हाला अंडी, दही, चीज, मासे, डाळी, तेल, लोणी हवंय. वजन त्यानेही वाढतं." मग मला म्हणाल्या, "आणि त्या बायकांना तुम्ही सांगू नका. यांना सांगू द्या."

चार फेऱ्यांत दात भरून झाले. साचे पहिल्या दिवसापासून सुरू झाले. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की तो ते लावायचा, म्हणजे दहा मिनिटं कशी गेली कळायचं नाही. मी पण त्याच्या शेजारी बसायची. त्याला बोलता यायचं नाही, म्हणून बातम्यांवरची त्याची टिप्पणी मीच करायची, त्याच्या आवाजात. तो हसला की साचा सुटायचा आणि पुन्हा घड्याळ बघावं लागायचं.

बायकांना सांगायला मात्र त्याने पंधरा दिवस घेतले. तोवर घेतलेल्या गोळ्या तो डब्यात साठवत होता. शेवटी एका शुक्रवारी, शहराच्या स्थानकात सव्वादोनची बस भरली असताना, तो जागेवरून उठून मागे वळला. मी बाजार करून त्याच बसमध्ये बसले होते.

"जरा ऐका," तो म्हणाला. त्याचा आवाज अजून घोगरा होता, म्हणून सगळे गप्प झाले. "तुम्ही सगळ्यांनी मला खाऊ घातलंत. पण लाळ नाही मला, आणि गोडाने माझे अकरा दात किडलेत. यापुढे मी कोणाकडून गोड घेणार नाही. राग मानू नका."

"आमच्यामुळे किडले?" मागून कोणीतरी विचारलं.

"माझ्यामुळे. तुम्ही दिलंत, तोंड माझं होतं."

एव्दोकिया आजी आपल्या सीटवर ताठ बसल्या होत्या. "म्हणजे माझा मुरंबा वाईट," त्या म्हणाल्या.

"आजी, मी तसं म्हटलं का?"

"बावीस वर्षं तुझ्या मागे बसतेय. काय म्हणायचंय ते कळतं मला."

त्या उठल्या, काठी आपटत शेवटच्या सीटवर जाऊन बसल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. पुढचे दोन आठवडे त्या झाहारीशी एक शब्द बोलल्या नाहीत. तिकिटासाठी पैसेसुद्धा दुसऱ्या बाईच्या हाती पुढे पाठवायच्या. पहिली सीट रिकामी जायची. दुसरं कोणी तिथे बसायला धजलं नाही.

झाहारी घरी आला की न विचारता सांगायचा, "आजही मागेच बसली."

"बसू दे. येईल पुढे."

"एक्याऐंशीची आहे, दाफिना. मागच्या सीटवर धक्के लागतात तिला."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तो म्हणाला, चल, वर जाऊ. आम्ही आजींच्या दारात उभे राहिलो तेव्हा त्यांनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

"आजी, तुमच्याकडे जेवायला आलोय," झाहारी म्हणाला. "आणि मुरंबा खायला. डॉक्टरने रविवारी एक चमचा दिलाय."

"डॉक्टरने दिलाय," आजी नाक मुरडून म्हणाल्या. पण बाजूला झाल्या.

त्यांच्याकडे घेवड्याचं सूप होतं. झाहारीने त्यात ब्रेड भिजवून, वर चीज कुस्करून, दोन बशा खाल्ल्या. घोटाघोटाला पाणी. आजी शेवटपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी बरणी आणली. त्याने एक चमचा सपाट भरून घेतला, सावकाश खाल्ला, आणि खिशातून ब्रश काढून अंगणातल्या नळावर गेला. थंडी चांगलीच होती. आजी शाल ओढून उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

"एवढा वेळ घासायचं?"

तोंडात फेस होता, म्हणून त्याने नुसती दोन बोटं दाखवली.

"दोन मिनिटं," मी सांगितलं. "मऊ ब्रशने, हिरडीजवळ. दिवसातून चारदा."

आजी मग म्हणाल्या, "मी एवढं घासलं असतं तर आज माझे दात रात्री पेल्यात झोपले नसते." आणि आपल्याच बोलण्यावर त्यांना असं हसू आलं की कवळी धरून ठेवावी लागली. झाहारी नळाशी वाकून हसत होता आणि फेस हनुवटीवरून ओघळत होता.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "असं कर, त्याला काय चालतं ते मोठ्या अक्षरांत लिहून दे. माझा चष्मा जुना आहे."

मी लिहून दिलं. तो कागद किती घरांत फिरला देव जाणे. सोमवारी आजी पुढच्या सीटवर बसल्या, आणि नाताळपर्यंत बसमध्ये वेगळीच स्पर्धा लागली. फडक्यात बांधून गाळलेलं घट्ट दही आलं, शेळीच्या दुधाचं चीज आलं, अक्रोड कुटून घातलेली वांग्याची चटणी आली. कुझमनने तर आठवड्याला वीस अंडी लावून दिली, आणि प्रत्येक वेळी देताना दुसरीकडे बघायचा. एकीने पालकाचं सूप थर्मासमध्ये आणलं, तर दुसरी म्हणाली, यात तिखट असेल, त्याला जळजळ होते, आधी मी चाखते. दोघी थांबा येईपर्यंत भांडल्या. झाहारी आरशातून बघत होता.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. जानेवारीत त्याला पुन्हा आठवडाभर काही गिळवेना, तेव्हा मी घाबरून प्लोवदिव्हला फोन केला. साधी बुरशी निघाली, औषधाने गेली. मांस अजून त्याला दोऱ्यासारखं लागतं. कापलेल्या दाढेच्या जागी जीभ लागली की तो मध्येच बोलायचा थांबतो. काही संध्याकाळी तो साच्याकडे नुसता बघत बसतो, आणि मग मी त्यात जेल भरून त्याच्यापुढे सरकवते.

एप्रिलमध्ये डॉक्टर चिलिंगिरोवांनी पुन्हा तपासलं. दिवा, आरसा, टोकदार काडी. मी दारात उभी होते, नेहमीसारखी.

"नवीन काही नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" झाहारीने विचारलं.

"म्हणजे एकही नवा दात किडलेला नाही. तोंड उघडा अजून. किती काड्या मावतात आता?"

"सोळा."

"वीस करा." त्यांनी दिवा बंद केला. "सहा महिने येऊ नका असं म्हटलं असतं, पण तीन महिन्यांनी या. मला बघायला बरं वाटतं."

आम्ही खाली रस्त्यावर आलो. मग तो म्हणाला, "उद्या काय करणार आहेस जेवायला?"

उपचार झाल्यापासून हा प्रश्न त्याने मला विचारला नव्हता. मी म्हटलं, किसलेल्या बटाट्याची जाड पोळी, पतातनिक, चीज जास्त घालून, वरचा पापुद्रा मऊ ठेवते. तो म्हणाला, कड थोडी कुरकुरीत होऊ दे, बघू जमतं का.

मे महिन्यात गावच्या जत्रेला देवळामागच्या कुरणात लांब टेबलं मांडली. भर दुपारची वेळ होती. झाहारीने राकियाचा पेला उलटा ठेवला, पाण्याची बाटली शेजारी घेतली, आणि रश्शात शिजून मऊ झालेलं कोकराचं मांस बशीत वाढून घेतलं. उपचारांनंतर स्वतःहून पहिल्यांदाच. एवढुसे तुकडे करून तो एकेक चावू लागला. आमच्या टेबलावरचे लोक जेवून उठले. एव्दोकिया आजीही उठल्या. चामड्याच्या पिशवीचा मशकबाजा वाजू लागला, बायकांनी हात धरले, नाचाची रांग वळू लागली. मी त्याच्या शेजारी बसून राहिले. माझा पाय टेबलाखाली ताल धरत होता.

"तू जा," तो म्हणाला. "मला अजून अर्धा तास लागेल."

"बसते मी."

"दाफिना, जा. मी काही पळून जात नाही."

मी गेले. रांगेत कुझमनच्या बायकोने माझा हात धरला. रांग वळून टेबलांच्या बाजूला आली की मी त्याच्याकडे बघायची. पहिल्या फेरीत तो चावत होता. दुसऱ्या फेरीत पाणी पीत होता. तिसऱ्या फेरीत त्याने काटा वर करून मला दाखवला, त्याला एक तुकडा टोचलेला होता, आणि तो त्याने तोंडात घातला. मग मी बघायचं सोडून दिलं आणि नाचत राहिले.